न घेतलेल्यांचं काय झालं?



मी बसून बोलणार आहे आणि मध्ये मध्ये थांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. गेली १४ वर्षं मला सीओपीडी आहे. आपल्याकडे त्याला सरसकट दमाच म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे. दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधानं बऱ्याचदा पूर्ववत मोकळ्या होतात. माझ्या नळ्या आणि त्यांच्या टोकाचे हवेचे बारीक फुगे कायमचे खराब झाले आहेत. फुंकण्याच्या चाचणीत माझ्या वयाच्या, माझ्या उंचीच्या बाईनं पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकायला हवी, तिच्या निम्मीसुद्धा मी टाकू शकत नाही.

मी कधी विडी ओढली नाही. आठव्या वर्षापासून चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले, लग्नानंतर घरात गॅस येईपर्यंत बसतच होते. गोवऱ्या, तुराट्या, आणि पावसाळ्यात ओलं सरपण. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर लेख लिहिला होता. तो मी फार उशिरा वाचला, आणि वाचताना आईचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. भारतात २०१६ साली या आजाराचे अंदाजे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक दुसरा होता. तेव्हा या सभागृहात धाप लागणारी मी एकटीच असेन, असं मला वाटत नाही.

ज्यांच्या स्मृतिदिनासाठी आपण जमलो आहोत, ते वैद्यकाका माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. माझ्या लहानपणी खोकल्यावर त्यांच्याच ओसरीवरून अडुळशाचं औषध यायचं. तुमच्यापैकी पुष्कळांना त्यांची वही आठवत असेल. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी. रोग्याचं नाव, दिलेलं औषध, आणि तिसऱ्या रकान्यात उतार पडला की नाही. दुसऱ्या खेपेला रोगी आला नाही, तर मंगळवारच्या बाजारात त्याच्या गावच्या माणसाला गाठून चौकशी करायचे. आला नाही म्हणजे बरा झाला, असं धरून चालायचं नाही, हा त्यांचा नेम. तिसऱ्या रकान्यात ‘गेला’ असंही लिहिलेलं असे, आणि ते त्यांनी कधी खोडलं नाही. आज मी जे बोलणार आहे ते त्या तिसऱ्या रकान्याविषयी.

दर वर्षी चैत्र-वैशाखात मला कुणी ना कुणी विचारतं, “बाई, ती फ्लूची लस घ्यावी का? की काढ्यावर भागेल? होमिओपॅथीच्या गोळ्या चालतील? कोजागिरीचं औषध घेतलं तर?” विचारणारे माझेच विद्यार्थी असतात, आता पन्नाशीला आलेले, कुणाची आई माझ्यासारखी श्वासाचा पंप ओढणारी. त्यांना घाईघाईत उत्तर देऊन टाकावं असं मला वाटत नाही. कारण या सगळ्या वाटांनी मी स्वतः जाऊन आले आहे.

आधी फ्लू म्हणजे काय ते सांगते. साधी सर्दी आणि फ्लू यांना आपण एकाच नावानं हाक मारतो, तिथेच घोटाळा होतो. आपल्या श्वासनळ्यांना आतून सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. वाऱ्यावर साळीचं शेत हलावं तसे ते केस सतत एकाच दिशेनं, वर घशाकडे हलत असतात, आणि धूळ, जंतू, कफ यांना बाहेर ढकलतात. फ्लूचा विषाणू नेमक्या त्याच पेशींत शिरतो आणि त्यांचा नाश करतो. शेत आडवं होतं. मग एरवी घशात निमूट बसलेले न्यूमोनियाचे जीवाणू खाली उतरतात. निरोगी माणसाचं हे अस्तर काही आठवड्यांत पुन्हा उगवतं. माझ्यासारखीचं मुळातच धुरानं विरळ झालेलं असतं. अशा दुखण्यातून उठल्यावर फुप्फुसाची ताकद पुष्कळदा आधीच्या पायरीवर परत येत नाही. एक पायरी खालीच राहते. अशा दुखण्याला डॉक्टर ‘एक्झासर्बेशन’ म्हणतात, आमच्या घरी ‘छाती भरली’ म्हणतात. माझी किती वेळा छाती भरली आणि दर खेपेला जिन्याच्या किती पायऱ्या गमावल्या, हे मला पाठ आहे.

१९१८ साली फ्लूचीच साथ आली, तिला आपल्या आज्या-पणज्या मानमोडी म्हणत. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीच्या बाजूनं ती शिरली, आणि पावसाळा संपता संपता दुसरी, जास्त क्रूर लाट आली. भारतात मेलेल्यांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. खानेसुमारीच्या इतिहासात असं दशक एवढं एकच. त्या वेळी मेलेल्या माणसांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे पाहिले गेले, तेव्हा बहुतेकांत विषाणूच्या पाठोपाठ घुसलेला जीवाणूंचा न्यूमोनिया दिसला. म्हणजे आमच्या आजारात जे होतं, तेच, फक्त देशभर.

विषाणू सापडला तो पुढे १९३३ साली, लंडनमध्ये. लस आली ती १९४० च्या दशकात. त्याआधीच्या माणसांनी तुळस, आलं, सुंठ घेतली असेल तर त्यात चूक काय? त्यांच्यापाशी दुसरं होतं काय? म्हणून काढा पिणाऱ्याला मी कधी अडाणी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलेलं मला सोसत नाही.

पण औषधाचा गुण आला की नाही, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आता भायखळ्याला चला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञानं, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, उरलेल्यांना टोचली नाही. छप्पर एक, भाकरी एक, पाणी एक, उंदीर एक. फरक फक्त टोचल्या-न टोचल्याचा. कैद्यांवर असं काही करायला आज कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण तुरुंगाच्या त्या भिंतींच्या आत एक प्रश्न विचारला गेला, तो आपल्या मुंबईतला आहे याचा मला अभिमान वाटतो. घेतलेल्यांचं काय झालं, हे कुणीही विचारतं. न घेतलेल्यांचं काय झालं? टोचलेल्यांत लागणही कमी दिसली आणि मृत्यूही कमी दिसले, आणि ते ‘कमी’ म्हणता आलं ते न टोचलेल्यांची मोजणी शेजारी होती म्हणूनच.

याच लशीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावात तिच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं दगावली. हाफकिनवर ठपका आला, तो १९०७ साली दूर झाला. लस बनवण्यात दोष नव्हता. पण ती १९ माणसं गेली, आणि ती मोजली गेली. ज्या उपचाराच्या नावावर त्यानं केलेलं नुकसानही लिहून ठेवलेलं असतं, त्याच्याशी मला बोलता येतं.

कोजागिरीचं सांगते. निदान झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी थोरला भाऊ मला एका ठिकाणी घेऊन गेला. एसटीनं पाच तास. गाव सांगत नाही, देणाऱ्यांचं नावही नाही. त्यांनी पैसे मागितले नाहीत आणि वागणं मायेचं होतं. माळावर हजारभर माणसं. चांदण्यात खीर ठेवलेली, तिच्यात औषध, पहाटेपर्यंत जागायचं, मग द्रोणातून खायचं. त्या रात्री मला खरोखर बरं वाटलं. इतकी माणसं माझ्यासारखीच खोकत होती, आणि कुणी वळून बघत नव्हतं. आजारी माणसाला हेही लागतं, आणि आपल्या दवाखान्यांत ते मिळत नाही. पण निघताना सांगितलं गेलं की, ४० दिवस इतर सगळी औषधं बंद ठेवायची, नाहीतर याचा गुण जातो. मी विज्ञान शिकवणारी बाई, मी पंप बंद ठेवला. अकराव्या दिवशी रात्री दोन वाजता मला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं.

खिरीनं मला काही केलं नाही. केलं ते पंप बंद ठेवण्यानं. हे नीट ध्यानात घ्या, कारण पर्यायी उपायांमुळे होणाऱ्या हानीचा मोठा वाटा मी याच वाटेनं येताना पाहिला आहे. औषधातून विष गेलं असं क्वचित होतं. खरं औषध मागे राहिलं, असं वरचेवर होतं.

पुढच्या वर्षी भाऊ पुन्हा म्हणाला, तिथे दर वर्षी येणाऱ्यांना विचार, सगळे गुण आला म्हणतात. खरंच म्हणत असतील. पण दर वर्षी येतात कोण? ज्यांना गुण आला ते. ज्यांना जीपमध्ये घालावं लागलं ते माळावर परत जात नाहीत, आणि त्यांच्याकडे कुणी माणूस पाठवत नाही. शिवाय दमा ऋतूंबरोबर चढतो आणि उतरतो. माणूस औषधाला जातो तो फार त्रास होत असताना, आणि फार झालेला त्रास पुष्कळदा आपोआपही थोडा खाली येतो. खाली आला की श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला. वैद्यकाकांना हे सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझ्याही औषधांचं पुष्कळ श्रेय आश्विनाचं असेल.”

हैदराबादला मृग नक्षत्र लागताना जिवंत माशातून दम्याचं औषध देतात, तिथेही आपल्या मराठवाड्यातून माणसं जातात. त्यावर वेगळं बोलत नाही. प्रश्न तोच.

आता घरातल्या डब्यांकडे येऊ. इथे मला जास्त वेळ लागेल, कारण इथे खरं आणि खोटं एकाच फडताळात ठेवलेलं आहे.

अडुळसा. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य आहे. त्याच्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं, आणि ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे रूप होतं ते अँब्रॉक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावं छापलेली असतात. म्हणजे आजीचा अडुळसा आणि दुकानातली बाटली यांचं कूळ एक आहे. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलांचे चेहरे फुलायचे. पण अडुळसा कफाचं औषध आहे. आलेला कफ सैल करण्याशी त्याचं नातं. फ्लूचा विषाणू अडवायचा, हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. ते आपण अलीकडे त्याच्या गळ्यात घातलं.

चक्रीफूल घ्या, मसाल्यातलं. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध बनवत आले आहेत. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ही बातमी फिरली आणि लोक चक्रीफुलाचा चहा पिऊ लागले. आम्लापासून त्या औषधापर्यंत पोचायला कारखान्यात अनेक रासायनिक पायऱ्या चढाव्या लागतात. पातेल्यात उकळून ते होत नाही. औषध मात्र खरं आहे, आणि फुप्फुसाच्या रुग्णाला ते माहीत असायला हवं. फ्लूची लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा फायदा सर्वांत जास्त. म्हणून साथीच्या दिवसांत १०१-१०२ ताप आणि अंग मोडून आलं, तर काढ्यावर चार दिवस थांबून बघणं आम्हाला परवडत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

ज्येष्ठमध. घसा निवतो, खरं आहे. पण त्यातलं ग्लायसिरायझिन शरीरातलं पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब वाढवतं. आमच्या पंपातलं साल्ब्युटॅमॉल पोटॅशियम खाली आणतं, थिओफायलिनची गोळी आणते, स्टेरॉइड आणतात, पायाची सूज उतरवायला दिलेली लघवीची गोळीही आणते. या सगळ्यांच्या जोडीला महिनोन्महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतला, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एखादी कांडी चघळली म्हणून काही होत नाही. रोजचं मात्र डॉक्टरांना सांगूनच.

सितोपलादि चूर्णात १६ भाग खडीसाखर, ८ भाग वंशलोचन, ४ पिंपळी, २ वेलची, १ दालचिनी. बेरीज ३१, म्हणजे निम्म्याहून अधिक साखर. ज्यांना स्टेरॉइडमुळे किंवा तसाही मधुमेह आहे, त्यांनी ही बेरीज लक्षात ठेवावी.

वाफारा. नाक मोकळं होतं, बरं वाटतं, मी घेते. विषाणू मरत नाही. उकळतं पातेलं मांडीवर सांडून भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात एक माझी पुतणी. पातेलं जमिनीवर स्थिर ठेवा, आणि लहान मुलांना त्याच्या जवळपास येऊ देऊ नका.

हुंगायची कापूर-वेलचीची पुरचुंडी. २००९ च्या ऑगस्टमध्ये माझी बहीण पुण्यात होती. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूनं एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो पहिला. त्यानंतर पुण्यात शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, तोंडाला रुमाल बांधलेले रस्ते, नायडू रुग्णालयापुढे रांगा. बहीण फोनवर सांगायची की कापूर मिळेनासा झालाय. ती पुरचुंडी मी कुणाच्या हातातून काढून घेणार नाही. घाबरलेल्या माणसाला मुठीत काहीतरी धरायला हवं असतं. पण कापूर, पुदिन्याचा अर्क किंवा निलगिरी हुंगल्यावर जो मोकळेपणा वाटतो, तो थंडाव्याची जाणीव करून देणाऱ्या नसा चाळवल्यामुळे वाटतो. नळी तेवढीच अरुंद असते. धाप वाढत असताना मोकळं वाटणं हे आमच्यासाठी धोक्याचं आहे, त्यात वेळ जातो. आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

होमिओपॅथीविषयी विचारलं जातं तेव्हा मी फळ्याकडे वळते, सवयच आहे. मूळ द्रव्याचा एक थेंब ९९ थेंबांत मिसळायचा, झाली एक पायरी. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत. बारा पायऱ्या उतरलात की मूळ द्रव्याचा एक रेणूसुद्धा बाटलीत असण्याची शक्यता संपत येते. अ‍ॅव्होगाड्रोचा अंक अकरावीत शिकवतो, तो यासाठीच. फ्लूवर जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या होमिओपॅथी औषधांपैकी एक फ्रान्सचं आहे, ते बदकाच्या काळजापासून आणि यकृतापासून अशा २०० पायऱ्या उतरून करतात. त्यामागची कल्पना जोसेफ रॉय या फ्रेंच डॉक्टरची. त्यांना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्लूच्या रुग्णांच्या रक्तात थरथरणारे जंतू दिसले, ते पुढे दुसऱ्या कुणाला सापडले नाहीत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या ‘कोक्रेन’नं २०१५ साली या औषधाच्या चाचण्या पाहिल्या. फ्लू टळतो किंवा बरा होतो असं म्हणता येईल असा चांगला पुरावा त्यांना मिळाला नाही. माझ्या नात्यात एक होमिओपॅथ आहेत, अतिशय सज्जन. ते रोग्याला पाऊण तास ऐकतात. त्या पाऊण तासाचं मोल मी जाणते. गोळीचं नाही.

आणि बिनलेबलाची पुडी. दम्यावर रामबाण म्हणून बसस्टँडवर मिळते, टपालानं घरी येते. दोन दिवसांत धाप थांबते, चेहरा गोल होतो, भूक वाढते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. किती, ते घेणाऱ्याला कळत नाही. पुडी संपली आणि अचानक थांबली की जिवावर बेतू शकतं. इथे मी मवाळ बोलणार नाही. ती पुडी फेकून देऊ नका, डॉक्टरांकडे घेऊन जा आणि किती दिवस घेतली ते सांगा.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, बाई आता लशीचं कौतुक करणार. लशीलाही मी त्याच तराजूत घालते.

फ्लूची लस कमजोर आहे. देवीच्या लशीनं देवी पृथ्वीवरून गेली, हिनं फ्लू जाणार नाही. विषाणू दर वर्षी अंगावरचं कातडं थोडं बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते, आणि तो अंदाज कधी कधी चुकतो. २०२० च्या मार्चनंतर यामागाता नावाचा एक प्रकार जगात दिसलाच नाही, तर २०२४ पासून तो लशीतून काढायला सांगितलं. अंदाज बरोबर ठरला त्या वर्षी ही लस फ्लूमुळे डॉक्टरकडे जायची वेळ ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. म्हातारपणी आणि स्टेरॉइडवर असलेल्यांत प्रतिसाद आणखी मंद असतो. इतर विषाणूंची सर्दी ती थांबवत नाही, म्हणून “लस घेतली तरी सर्दी झाली” हे खरं असतं. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात विषाणूशी गाठ पडली तर फ्लूही होतो. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते. दहा लाखांत एखाद-दुसऱ्या माणसाला गियाँ-बारे हा नसांचा गंभीर आजार होऊ शकतो. मेलेल्या विषाणूच्या इंजेक्शनानं फ्लू होत नाही, हे मात्र निखालस.

मग मी ही लस का घेते? बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात सीओपीडीचे १२५ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला लस, दुसऱ्याला लस नसलेलं इंजेक्शन, आणि वर्षभर पाठपुरावा. फ्लूमुळे येणारं श्वासाचं दुखणं न घेतलेल्यांत शंभर रुग्णांमागे वर्षाला २८, घेतलेल्यांत जेमतेम ७. म्हणजे ७६ टक्के कमी. हा अभ्यास २००४ साली छापला गेला. आजार माझा, हवामान बरंचसं आपल्यासारखं, पावसाचा देश. कोक्रेननं अशा चाचण्या एकत्र केल्या, तेव्हाही लस घेतलेल्या सीओपीडी रुग्णांत तीन आठवड्यांनंतर छाती भरण्याचे प्रसंग कमी दिसले, आणि लशीमुळेच लगेच छाती भरते असं दिसलं नाही. ही भीती मला फार होती.

जी वस्तू सांगते की मी दहातल्या चार ते सहांना उपयोगी पडेन, उरलेल्यांना नाही, तिच्यावर माझा विश्वास बसला. शंभरातल्या शंभरांना गुण येतो असं जिथे सांगतात, तिथे कुणीतरी मोजायचं सोडून दिलेलं असतं.

एक दुःख सांगितलं पाहिजे. निदानानंतर सहा वर्षं मी ज्या तज्ज्ञांकडे जात होते, त्यांनी पंप दिले, गोळ्या दिल्या, दोनदा दाखल करून घेतलं. लशीचा शब्द एकदाही काढला नाही. मला ती कळली वैद्यकाकांच्या ओसरीवर. त्यांनी वही उघडली आणि श्रावण-भाद्रपदाची पानं माझ्यापुढे केली. तापानं आलेल्या दमेकऱ्यांच्या ओळींत ‘गेला’ हा शब्द दाटीनं होता. ते म्हणाले, “याच्यावर माझ्यापाशी काही नाही. लस आहे म्हणतात, तुझ्या डॉक्टरला विचार.” ८४ वर्षांचे होते. आयुष्यभर जी विद्या जपली, तिच्या हद्दीपाशी उभं राहून त्यांनी मला पलीकडचा रस्ता दाखवला. दोन वर्षांनी ते गेले.

व्यवहाराचं थोडं. आपल्या भागात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, लहान लाट थंडीत. म्हणून लस पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावी, दर वर्षी. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. फुप्फुसाच्या रुग्णांनी ती घेऊ नये, इंजेक्शनच घ्यावं. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर सांगावं, पण हल्ली तेवढ्यावरून लस नाकारत नाहीत. ताप असेल तर उतरू द्यावा. न्यूमोनियाच्या लशीचंही त्याच वेळी विचारावं. घरात आमच्याबरोबर राहणाऱ्यांनीही टोचून घ्यावं. फ्लू माझ्यापर्यंत येतो तो शाळेतून, नातवंडाच्या दप्तराबरोबर. मला गेल्या वर्षी सुमारे २,००० रुपये पडले. मजुरीवर जगणाऱ्या बाईला हे झेपत नाही, आणि चुलीपुढे सर्वांत जास्त तीच बसलेली असते. ही लस तिला सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली पाहिजे, असं मी आमदारांना तीनदा लिहिलं आहे. चौथं पत्र बाहेर टेबलावर ठेवलंय, त्यावर तुमच्या सह्या हव्या आहेत.

आणि काढा चालू ठेवा. मीही पिते, आलं-तुळस-गवती चहाचा, संध्याकाळी. लस घेतली म्हणून तो सोडायचं कारण नाही, आणि तो पिता म्हणून लस चुकवायचं तर मुळीच नाही.

शेवटी माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी लस घेऊनही मला श्रावणात फ्लू झाला. तपासणीत निश्चित निघाला. पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठला, गोळ्या सुरू झाल्या, सहा दिवस ताप, पण दवाखान्यात राहावं लागलं नाही, प्राणवायू लावावा लागला नाही. घरचे म्हणतात, लशीनं वाचवलं. मी तसं म्हणत नाही. मला ते कळायला मार्ग नाही. लस न घेतलेली दुसरी मी त्या श्रावणात कुठे नव्हती, म्हणजे तिचं काय झालं असतं ते मोजता येत नाही. वैद्यकाकांची वही आता माझ्याकडे आहे. त्यांच्या मुलानं दिली. तिच्यात त्या वर्षीच्या माझ्या ओळीत मी तारीख लिहिली, लस लिहिली, गोळ्या लिहिल्या, आणि तिसऱ्या रकान्यात ‘सहा दिवस, घरी’ एवढंच लिहिलं.

यंदाची १९ एप्रिलला घेतली. डावा दंड दोन दिवस दुखला.